घर हलवण्याचा अंदाज का चुकतो, आणि तो आधीच कसा तपासायचा

घर तेच, सामान तेच, जायचं ठिकाण तेच, तारीखही तीच. तरी तीन कंपन्यांना दर विचारला की तीन वेगळे आकडे येतात, आणि कधीकधी सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या दुप्पट असतो. माणूस गोंधळतो. महाग सांगणारा लुबाडतोय की स्वस्त सांगणारा फसवतोय? बहुतेक वेळा उत्तर वेगळंच असतं. तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचा दर सांगितलेला असतो आणि कागदावर ते कुठेच दिसत नाही.

घर हलवणं हा खर्चिक प्रसंग आहेच, त्यात शेवटच्या दिवशी बिल फुगलं की लोक हतबल होतात. हे टाळता येतं. त्यासाठी घासाघीस करण्याचं कौशल्य लागत नाही. अंदाज कसा तयार होतो, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ झालं.

कंपनी नेमकं काय मोजते?

तिला तीन गोष्टींचा खर्च येतो: गाडीतली जागा, माणसांचा वेळ आणि अंतर. अंतर नकाशावर मोजता येतं, त्यावर सहसा वाद होत नाही. वाद होतात ते जागा आणि वेळ यांवरून, कारण काम व्हायच्या आधीच त्यांचा आकडा सांगावा लागतो.

जवळच्या अंतरासाठी अनेकदा तासावर दर लावतात: इतकी माणसं, एक गाडी, ताशी अमुक रक्कम. लांबच्या प्रवासाला वजन किंवा आकारमान धरतात. आकारमान म्हणजे वस्तू गाडीत किती जागा अडवते ते. ते घनफुटांत किंवा घनमीटरमध्ये सांगतात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. दोन मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट १.४४ घनमीटर जागा घेतं, म्हणजे साधारण ५१ घनफूट. जहाजाने जाणाऱ्या २० फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. पण घरातल्या वस्तू चौकोनी विटांसारख्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, त्यामुळे ती सगळी कधीच वापरता येत नाही.

पाहणीला येणाऱ्या माणसाजवळ एक तक्ता असतो. पलंग इतके घनफूट, जेवणाचं टेबल इतके, मध्यम खोका इतके. तो खोल्यांमधून फिरतो, खुणा करतो आणि बेरीज मारतो. दर वजनावर असेल तर त्या बेरजेला एका सरासरीने गुणतो. अमेरिकेत फार वर्षांपासून चालत आलेला ठोकताळा असा की एक घनफूट घरसामान म्हणजे ७ पौंड, सुमारे ३.२ किलो.

सरासरी कुठे दगा देते

४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद-उंच असा खोका घ्या. त्याचं आकारमान दीड घनफुटाच्या आतच आहे. वरच्या ठोकताळ्याने त्याचं वजन होतं १० पौंड, म्हणजे साडेचार किलो. आता त्यात पुस्तकं ठासून भरा. वजन वीस किलोच्या पुढे सहज जातं. त्याच खोक्यात उशा भरल्या तर ठोकताळ्यातले साडेचार किलोही भरणार नाहीत.

ज्या घरात पुस्तकं, अवजारं, व्यायामाची वजनं किंवा दगडी कुंड्या भरपूर आहेत, तिथे वजनाचा अंदाज हमखास कमी निघतो. प्रत्यक्ष काट्यावर गाडी चढली की बिल वाढतं, आणि त्यात लबाडी असेलच असंही नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: दर वजनावर आहे, आकारमानावर आहे की तासावर? जड पण आटोपशीर सामान असणाऱ्याला आकारमानाचा दर परवडतो; हलकं पण पसरट फर्निचर असणाऱ्याला वजनाचा. विमानाने सामान पाठवायचं असेल तर बहुधा दोन्ही मोजतात आणि जे जास्त भरेल ते लावतात. तिथला रूढ हिशोब ६,००० घनसेंटिमीटरला १ किलो असा आहे, म्हणजे एक घनमीटर हलका कापूस पाठवला तरी तो १६७ किलो धरला जातो.

फर्निचर सुटं होतं की नाही, यानेही मोठा फरक पडतो. उशाकडच्या फळीसकट जोडलेला दुहेरी पलंग गादी वगळून तीन घनमीटर जागा अडवू शकतो. तोच सुटा केला तर फळ्या गाडीच्या भिंतीला टेकवून उभ्या राहतात आणि अर्ध्या घनमीटरच्या आसपास काम भागतं. एका कंपनीने पलंग जोडलेला धरला आणि दुसरीने सुटा, तर दोघींचे आकडे जुळणारच नाहीत. आणि सुटा करायचा असेल तर तो कोण खोलणार, पलीकडे कोण जोडणार, हा वेगळा प्रश्न उरतोच.

थोडंसं जास्तीचं सामान इतकं महाग का पडतं?

लोकांना वाटतं, दहा टक्के सामान वाढलं तर दहा टक्के पैसे वाढतील. तसं होत नाही. गाडीत २० घनमीटर जागा असेल आणि सामान १९ असेल तर एक फेरी पुरते. माळ्यावरचं आणि बाल्कनीतलं राहून गेलेलं सामान धरून ते २२ झालं, की दुसरी फेरी लागते किंवा मोठी गाडी मागवावी लागते. सामान थोडं वाढलं, पण खर्च मात्र एका गाडीवरून दोन गाड्यांवर उडी मारतो. लांबच्या प्रवासात तर ती दुसरी गाडी आयत्या वेळी मिळेलच याचीही खात्री नसते.

विसरलेलं सामान जवळजवळ नेहमी त्याच जागांमध्ये असतं: माळा, पलंगाखालचे कप्पे, बाल्कनी, जिन्याखालची जागा, वाहनतळावरचं कपाट, नातेवाइकांकडे ठेवलेल्या वस्तू. पाहणीच्या वेळी दारं बंद असतात, ती उघडून दाखवायचं कुणाला सुचत नाही, आणि घाईत असलेला माणूस विचारतही नाही. तुम्ही स्वतः उघडून दाखवा.

दारापासून गाडीपर्यंतचं अंतर

हे सगळ्यात कमी बोललं जातं, आणि तासाच्या दरात सगळ्यात जास्त तेच बोचतं. लिफ्ट आहे का? त्यात सोफा मावतो का, की जिन्याने उतरवावा लागेल? मोठी गाडी इमारतीच्या दाराशी उभी राहते, की गल्लीच्या तोंडाशी थांबवून छोट्या गाडीने सामान ने-आण करावी लागते? सामान हलवायला सोसायटीने वेळ ठरवून दिलेली आहे का? हे प्रश्न दोन्ही टोकांना लागू आहेत. नव्या घराचा जिना पाहणी करणाऱ्याने पाहिलेला नसतो. तिथली माहिती तुम्हीच द्यायची असते. जिन्याच्या वळणाचा आणि दाराच्या चौकटीचा फोटो काढून, रुंदी मोजून पाठवली तर आयत्या वेळचे निम्मे वाद संपतात, असं माझं ठाम मत आहे.

तासाचा दर असेल तर आणखी एक विचारा: घड्याळ कुठून सुरू होतं? गाडी त्यांच्या तळावरून निघते तेव्हापासून, की तुमच्या दारात पोचल्यापासून? परतीचा वेळ धरला आहे का? कमीत कमी किती तासांचे पैसे द्यावे लागतील? स्वस्त दिसणारा ताशी दर या तीन प्रश्नांनंतर कधीकधी स्वस्त राहत नाही.

सगळ्यात कमी दराचा खरा अर्थ

१९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेल-अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. समुद्रतळाखालच्या तेलाचे हक्क लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं निघालं: जमिनीखाली तेल किती आहे याचा प्रत्येक कंपनी अंदाज करते. काहींचा अंदाज कमी असतो, काहींचा जास्त. लिलाव जिंकते ती सगळ्यात मोठी बोली लावणारी, म्हणजे बहुधा जिचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला आहे ती. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात.

घर हलवताना बोली उलटी लागते. सगळ्यात कमी आकडा जिंकतो. तुमच्या घरात नेमकं किती सामान आहे याचा प्रत्येक कंपनीने अंदाज केलेला असतो. मग सगळ्यात कमी दर कुणाचा निघण्याची शक्यता जास्त? जिने सामान सगळ्यात कमी धरलं तिचा. म्हणजे तीन दरांतून फक्त रक्कम बघून कमीचा निवडणारा माणूस नकळत सगळ्यात चुकलेला अंदाज निवडत असतो.

आता यातला कळीचा फरक बघा. तेलाच्या लिलावात चुकीचा भुर्दंड जिंकणारी कंपनी भरते. इथे तो तुमच्या गळ्यात पडतो, कारण कंपनी फरक नंतर वसूल करू शकते. सामान गाडीत चढेपर्यंत तुमच्या हातात पर्याय असतो. एकदा ते चढलं, घराची किल्ली परत दिली, की पर्याय संपला. त्या क्षणी कुणी वाढीव रक्कम मागितली तर नाही म्हणणं फार कठीण असतं. सगळ्या फसवणुकी याच क्षणावर बेतलेल्या असतात: आधी मोहात पाडणारा आकडा, मग भरलेल्या गाडीसमोर नवं बिल. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला की २००५ मध्ये ग्राहकाचं सामान असं अडवून ठेवणाऱ्यांविरुद्ध संघराज्य कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली.

मीटर, ठरलेलं भाडं आणि तिसरा प्रकार

कागदावर 'अंदाज' हा एकच शब्द असला तरी त्याचे तीन अर्थ निघू शकतात. टॅक्सी आठवा. मीटरची टॅक्सी घेतली की निघताना चालक म्हणतो, इतके होतील, पण शेवटी द्यायचे ते मीटरवर येतील तेवढे. हा झाला कच्चा अंदाज. दुसरीकडे आधी भाडं ठरवून बसलात तर रहदारी लागली तरी रक्कम तीच. हा पक्का दर. तिसऱ्या प्रकारात वरची मर्यादा ठरते: मीटर कमी आला तर कमी द्या, जास्त आला तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा तिसरा प्रकार सगळ्यात चांगला. तो विचारल्याशिवाय सहसा कुणी देऊ करत नाही, म्हणून विचारावाच.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना हे भेद कायद्यानेच ठरवलेले आहेत. अंदाज लेखी द्यावा लागतो. तो कच्चा असेल तर सामान पोचल्यावर कंपनी अंदाजाच्या जास्तीत जास्त ११० टक्के रक्कम तिथल्या तिथे मागू शकते. उरलेलं नंतर, किमान ३० दिवसांची मुदत देऊन. दर पक्का असेल तर अंदाजाचे १०० टक्के दिले की सामान ताब्यात द्यावंच लागतं. त्यातला मला सगळ्यात शहाणा वाटतो तो नियम असा: ठरल्यापेक्षा जास्त सामान दिसलं तर कंपनीने ते गाडीत चढवण्याआधी बोललं पाहिजे. नवा अंदाज न करता सामान चढवलं, तर जुनाच अंदाज तिला मान्य आहे असं धरलं जातं.

हा नियम तुमच्याकडे कायद्यात असो वा नसो, करारात एका ओळीत लिहून घेता येतो: 'जादा आकारणी असेल तर सामान चढवण्याआधी लेखी सांगितली जाईल, त्यानंतर सांगितलेली मान्य नाही.' चांगली कंपनी यावर सही करायला कचरत नाही. कचरली तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

पण सगळं सामान दाखवलं तर दर वाढवतीलच ना?

वाढवतील. ही शंका रास्त आहे, आणि पुष्कळ जण याच भीतीने थोडं झाकून ठेवतात. पण सामान झाकलं म्हणून त्याचा खर्च संपत नाही, तो नंतरच्या दिवसावर जातो. त्या दिवशी दुसरी कंपनी शोधायला वेळ नसतो, त्यामुळे त्याच सामानाचा दर आजच्यापेक्षा जास्तच लागतो. शिवाय यादीत नसलेल्या वस्तूला पक्का दर लागू होत नाही. झाकलेल्या चार खोक्यांमुळे सगळा पक्का दर पुन्हा बोलणीला येऊ शकतो.

पैसे खरोखर वाचवायचे असतील तर सामान कमी करा आणि मग यादी करा. न लागणारं कपाट पाहणीच्या आधी विकून टाकलं तर ते प्रत्येक कंपनीच्या हिशोबातून जातं.

तीन दर घेतले, मधला निवडला. तेवढं पुरत नाही का?

तीन चुकीच्या आकड्यांमधला मधला आकडा बरोबर ठरत नाही. तीन दरांची तुलना तेव्हाच होते जेव्हा तिघांनी एकाच यादीवर दर दिलेला असतो. म्हणून यादी कंपनीची नको, तुमची हवी. खोलीनिहाय प्रत्येक मोठी वस्तू, तिची मापं, ती सुटी होते का, खोक्यांची संख्या, जड आणि नाजूक वस्तू वेगळ्या, दोन्ही घरांचे मजले, लिफ्ट आणि गाडी उभी करायची जागा. दोन पानांचा कागद होईल. तोच तिघांना पाठवा आणि सांगा की दर याच यादीवर द्या, आणि एकूण किती घनफूट किंवा किती किलो धरले तेही लिहा.

हा शेवटचा आकडा सोन्यासारखा आहे. एकाने ६०० घनफूट धरले आणि दुसऱ्याने ९००, तर दरातला फरक कशामुळे आहे हे लगेच दिसतं. सहाशेवाल्याला फोन करून विचारा की एवढं कसं धरलं. कधी त्याने पलंग सुटा धरलेला असतो, आणि मग तोच खरा हुशार ठरतो. कधी त्याने यादी वाचलेलीच नसते.

आकारमान जुळूनही दर फार वेगळे असतील तर गाडीबद्दल विचारा. संपूर्ण गाडी फक्त तुमच्यासाठी आहे, की इतरांच्या सामानासोबत तुमचं जाणार आहे? सामायिक गाडी स्वस्त पडते, पण पोचण्याचा ठरलेला दिवस मिळत नाही, काही दिवसांचा पट्टा मिळतो, आणि वाटेत सामान चढवण्या-उतरवण्याच्या वेळा वाढतात. वाईट काही नाही त्यात, पण माहीत असायला हवं.

आणि समोरचा माणूस स्वतः सामान हलवतो की फक्त काम मिळवून दुसऱ्याला देतो, हेही विचारा. मध्यस्थाने सामान पाहिलेलं नसतं आणि गाडीही त्याची नसते. त्याचा आकडा प्रत्यक्ष नेणाऱ्याला मान्य असेलच असं नाही.

पाहणी व्हिडिओवर चालेल का?

चालेल, नीट केली तर. अमेरिकेच्या नियमांत २०२२ पासून व्हिडिओवरची पाहणीही प्रत्यक्ष पाहणीइतकीच ग्राह्य आहे. अट एवढीच की कॅमेरा प्रत्येक कपाटाच्या आत, माळ्यावर आणि जिन्यापर्यंत गेला पाहिजे. फोनवर 'दोन खोल्यांचं घर आहे' एवढंच ऐकून मिळालेला आकडा मात्र विसरून जा. दोन खोल्यांत दोन खुर्च्या असू शकतात किंवा दोन पिढ्यांचा संसार.

तुटलं तर काय, हा दराचाच भाग आहे

कमी दरात जोखीम तुमच्याकडे सरकवलेली असू शकते. कंपनीची मूळ जबाबदारी बहुतेक ठिकाणी मर्यादित असते, आणि ती कशावर मोजायची हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत आंतरराज्य प्रवासाला जादा पैसे न भरता मिळणारं संरक्षण दर पौंडाला ६० सेंट इतकंच आहे. १० किलोचा टीव्ही फुटला तर हाती सुमारे १३ डॉलर येतात, तो कितीही महाग असो. जर्मनीच्या व्यापार कायद्यात मर्यादा आकारमानावर आहे, दर घनमीटरला ६२० युरो. भारतात २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, मालाची जास्त किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. म्हणजे तिथे भाडं कमी दाखवलं की भरपाईची मर्यादाही आपोआप खाली येते.

तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या वस्तूंची जबाबदारी अनेक कंपन्या घेतच नाहीत. स्वतः पॅकिंग करून पैसे वाचतात हे खरं, फक्त काचेची भांडी आणि यंत्रं त्यांच्याकडून भरून घ्यावीत. आणि स्वतः करायचं ठरवलं तर वेळेत संपवा. गाडी दारात आली आणि निम्मं घर उघडं असलं की उरलेलं पॅकिंग त्या दिवसाच्या दराने होतं.

गाडी आल्यावर

सामान चढण्याआधी यादीची प्रत मुकादमाच्या हातात द्या आणि दोघांनी मिळून घरातून एक फेरी मारा. दर वजनावर असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या काटापावत्या मागा, जमल्यास काट्यावर स्वतः जा. दोन्ही वेळा गाडीत माणसं बसलेली नसावीत, आणि दोन वजनांच्या मधे इंधन भरलेलं नसावं. शंभर लिटर डिझेलचं वजन ८० किलोच्या पुढे जातं आणि तेही तुमच्याच नावावर चढतं. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. सामान उतरवताना प्रत्येक वस्तूवर यादीत खूण करा, खरचटलेलं किंवा फुटलेलं तिथेच कागदावर लिहून मुकादमाची सही घ्या, आणि 'सर्व सामान सुस्थितीत मिळालं' या ओळीखाली तुमची सही शेवटचा खोका उघडून बघेपर्यंत करू नका. तेवढा वेळ ते थांबणार नसतील तर सहीच्या वर 'खोकी न उघडता' एवढं लिहून मगच सही करा.